शेजारची जागा

वसई रोडच्या रेल्वे फाटकापाशी सेबेस्टियनने ब्रेक दाबला आणि त्याच्या डाव्या खांद्याला एक खांदा येऊन लागला. फार जोरात नाही. चर्चमध्ये मिस्साला बाकावर बसलेलं असताना शेजारच्याचा लागतो तेवढाच. पण सेबेस्टियन असा दचकला की त्याचा पाय क्लचवरून निसटला आणि नवी कोरी पिकप एक आचका देऊन बंद पडली. समोरून मालगाडी संथपणे चालली होती. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," शेजारी बसलेला लॉरेन्स म्हणाला, "नवी नवरी हाय. पयल्या दिशी रुसनारच." लॉरेन्स म्हणजे पाचूबंदरचा मासळीवाला. दोन होड्यांचा धनी, पस्तिशीचा, आणि हसला की कानापर्यंत हसणारा. मासळीच्या पाट्या टांग्यातून नेता नेता वैतागून त्याने ही आकाशी रंगाची पिकप मुंबईहून घेतली होती. तिला भिवंडीवरून कामणमार्गे वळसा घालून आणायला आणि पुढे रोज चालवायला त्याने सेबेस्टियनला ठेवलं होतं. गाडी बंद पडल्याबद्दल त्याला काही वाटलं नाही. त्याने विडी पेटवली, एक पाय उचलून समोरच्या पत्र्याला टेकवला आणि खांदा होता तिथेच राहू दिला.

सेबेस्टियनला मात्र तो खांदा नीट सोसवेना. सतरा वर्षं त्याने गाडी चालवली होती, आणि सतरा वर्षांत गाडी चालवताना त्याला कुणाचा स्पर्श झाला नव्हता. आगाशीच्या बंगल्यातल्या शेठची ती हंबर मोटार. लांब, काळी, लढाईच्या आधी विलायतेहून आलेली. पुढे सेबेस्टियन एकटा, मागे शेठ, शेठाणी आणि त्यांचे पाहुणे, आणि मधे काच. सेबेस्टियनच्या शेजारी जागा होती, चांगली उंटाच्या रंगाच्या मऊ कातड्याची. पण तिच्यावर कुणी बसायचं नाही, हा कायदा कुणी न सांगताच सगळ्यांना ठाऊक होता. फार तर शेठची छत्री बसे, नाहीतर शेठाणीचा फुलांचा पुडा. मागून काही सांगायचं झालं की शेठ बोटातली अंगठी काचेवर वाजवत. एकदा टक् म्हणजे थांब, दोनदा टक् टक् म्हणजे लवकर चल. बस्स, सतरा वर्षांचं मालक-नोकराचं बोलणं एवढ्यात भागलं. शेठ वारले, मुलांनी बंगला विकला, हंबर मुंबईला कुणाकडे तरी लग्नाच्या वरातींना भाड्याने जाऊ लागली, आणि सेबेस्टियन बायको-मुलीला घेऊन पापडीला मेहुण्याच्या वाडीत पाणी लावायला लागला. त्यालाही आता दोन वर्षं झाली होती.

फाटक उघडलं. पिकप पुन्हा सुरू झाली ती साऱ्या माणिकपूरला ऐकू जाईल अशी. हंबर चालू आहे की बंद, हे कानाला कधी कळतच नसे. हातातल्या स्टिअरिंगच्या चाकावर तळहात ठेवला की आत कुठेतरी एक बारीक थरथर लागे, झोपलेल्या माणसाच्या अंगावर हात ठेवल्यासारखी. ही बया बोलघेवडी. गिअर बदलला की सांगणार, खड्डा आला की सांगणार, आणि सांगून झाल्यावर मागच्या लाकडी फळ्या पुन्हा तेच सांगणार. हंबरमध्ये कातड्याचा आणि शेठच्या अत्तराचा वास भरून असे. पिकपमध्ये ओल्या रंगाचा आणि रबराचा वास होता, आणि त्यावर लॉरेन्सची विडी. सेबेस्टियनला वाईट वाटायला हवं होतं. विलायती गाडीच्या ड्रायव्हरने उतारवयात मासळीची गाडी हाकायची म्हणजे हत्तीवरून उतरून गाढवावर बसणं, असं मेहुणा बोललाही होता. पण वाईट वाटत नव्हतं. काहीतरी वेगळंच वाटत होतं, आणि ते काय आहे हे पहिल्या वळणावर त्याच्या ध्यानात आलं. त्याला कुंपणापलीकडचं दिसत होतं.

हंबरमध्ये माणूस खोल रुतून बसे. तिथून गाव कंबरेपासून खाली दिसायचं. धोतरं, लुगडी, पोटऱ्या, टोपल्यांचे तळ, कुत्री. सतरा वर्षं सेबेस्टियन गावाच्या पायांनाच ओळखत आला होता. आता तो हातभर उंच बसला होता, आणि ज्या भिंतींच्या कडेकडेने त्याचा जन्म गेला त्या भिंती एकाएकी बुटक्या झाल्या होत्या. एका वाडीत केळींमधून पाटाचं पाणी चमकत चाललं होतं आणि एक म्हातारा त्यात पाय सोडून नुसता बसला होता. पुढे विहिरीवर कुणी बाई केस सोडून उभी होती, तिने वर पाहिलं, सेबेस्टियनने खाली पाहिलं, आणि दोघंही काही चोरल्यासारखे दुसरीकडे बघू लागले. पानवेलींच्या मांडवाखाली हिरवा काळोख होता. त्या काळोखात एक पांढरी पाठमोरी आकृती वाकून पानं खुडत होती आणि गाडी पुढे गेली तरी ती आकृती सेबेस्टियनच्या डोळ्यांत वाकलेलीच राहिली. उन्हं कलली होती. सगळं इतकं जवळ आणि इतकं निवांत दिसत होतं की आपण जागे आहोत याची त्याला खात्री वाटेना. एवढ्यात लॉरेन्सने त्याला कोपराने ढोसलं.

"सेबूदादा, उद्या मिस्सा झाली का फादर येनार पानी शिंपडायला. नि एक गोष्ट हाय. माजी आय म्हन्ते, आपल्या घरात नवी होडी पान्यात घालताना पयली तांडेलाची, होडी हाकनाऱ्याची, बायको चढते. आज्यापासूनची रीत हाय. तर या होडीचा तांडेल कोन? तू. म्हंजे पयली रोझीवैनी बसनार, तुज्या बाजूला. धक्क्यापर्यंत जायचं, परत यायचं, झालं."

"ही काय होडी हाय, लॉरेन्सशेठ?"

"शेठबिठ नको बोलू. नि होडी नाय, हे तूच सांग आयला. तिनं माशाचं तेल काढून ठेवलंय, फळ्यांना चोळायला. लाकूड हाय म्हंजे तेल पायजे, बोल्ली. मी दोनदा सांगून बघितलं."

सेबेस्टियन हसला. निदान हसल्यासारखा आवाज त्याच्या तोंडातून आला. रोझलीन, त्याची बायको, सतरा वर्षांत एकदाही हंबरमध्ये बसली नव्हती. आणि उद्या ती या जागेवर, जिथे लॉरेन्स विडी ओढत बसला आहे तिथे, लग्नातल्यासारखी सगळ्यांच्या देखत येऊन बसणार होती. रस्ता पुढे सरळ होता आणि सेबेस्टियनला तो दिसतही होता. पण त्याच्याखालून दुसराच एक रस्ता वर येऊ लागला होता, आगाशीहून विरारला जाणारा, चौदा वर्षांपूर्वीचा.

त्या दिवशी ऊन रणरणत होतं. तीन वाजता शेठ बंगल्यातून निघाले, विरारला चारची गाडी पकडायला. त्या वेळी तो रस्ता म्हणजे शेतांमधून वर उचललेला एक मातीचा बांधच, दोन्हीकडे उतार. निम्म्यावर पुढे एक बैलगाडी दिसली. वर तट्ट्याचं छप्पर, आत गवत. सेबेस्टियनने वेग कमी केला. हंबरच्या खोल जागेवरून त्याची नजर बरोबर बैलगाडीच्या तळाच्या फळीशी येत होती, आणि त्या फळीला एक हात घट्ट धरून होता. हिरव्या बांगड्या. करंगळीजवळ विळ्याची जुनी खूण. रोझलीनला नववा लागून आठ दिवस झाले होते आणि सकाळी तो घरून निघाला तेव्हा ती भाकऱ्या भाजत होती. मागे काचेवर अंगठी वाजली, टक् टक्. त्या दोन आवाजांच्या आणि पुढच्या गोष्टीच्या मध्ये किती वेळ गेला, हे सेबेस्टियनला चौदा वर्षांत ठरवता आलं नव्हतं. कधी वाटे एक श्वास, कधी वाटे अख्खी दुपार. मग त्याने हॉर्न दिला. बैलगाडी जराशी घोटाळली आणि मग बाजूला झाली. तिचं डावं चाक बांधावरून खाली घसरलं, छप्पर कलंडल्यासारखं झालं आणि सावरलं. हंबर शेजारून पुढे गेली. धूळ उडू नये म्हणून त्याने ती हळू नेली. एवढंच त्याला करता आलं.

शेठला स्टेशनावर सोडून तो रिकामी गाडी घेऊन सुसाट परतला. बैलगाडी विरारच्या दवाखान्यापर्यंत पोचलीच नव्हती, वाटेत एका चिंचेखाली सोडलेली होती. गाडीवान हरिभाऊ, गळ्यात तुळशीची माळ घालणारा माणूस, हातात रिकामा तांब्या घेऊन उभा होता. मूल झालं होतं, मुलगा, आणि त्याला धुगधुगी आहे तोवर त्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घालायला हवं होतं. रोझलीनला उठवत नव्हतं. तेव्हा तिने एकेक शब्द सांगितला आणि हरिभाऊने तो तसाच म्हणत आपल्या तांब्यातलं पाणी घातलं. पित्याच्या, पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या. डॉमनिक नाव तिनेच सांगितलं. सेबेस्टियन पोचला तेव्हा सगळं संपलेलं होतं. रोझलीनने त्याच्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही, नुसतं पाहिलं, आणि त्या पाहण्याला उत्तर द्यायला हवं असं वाटून सेबेस्टियन बोलून गेला, "मना कोनी सांगितलंच नाय गो. मना म्हाइतच नव्हतं." त्याने हंबरचं मागचं दार उघडलं. ती म्हणाली, "नको, शेठची गाडी खराब व्हईल," आणि मांडीवरचं मूल पदराखाली घेऊन बैलगाडीतूनच परत गेली. आठवड्याने शेठच्या कानावर गेलं. ते भले माणूस होते. त्यांनी सेबेस्टियनला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "अरे, सांगायचं होतंस. मी पुढच्या गाडीने गेलो असतो."

हे वाक्य सेबेस्टियनच्या मनातून कधी गेलं नाही. शेठ वाईट असते तर बरं झालं असतं. मग शिव्या द्यायला कुणीतरी असतं. हॉर्न दिल्याचं पाप त्याने फादरांपुढे सांगितलं, त्यांनी प्रायश्चित्त दिलं, ते त्याने केलं. पण ते खोटं, 'मना म्हाइतच नव्हतं', ते ज्या माणसापुढे बोलला त्या माणसापुढे त्याला कधी परत घेता आलं नाही. घर तेच, ताट तेच, पुढे ग्रेसी झाली, ती आता बारा वर्षांची होती. रोझलीन त्याच्याशी वाईट वागली असं एकदाही झालं नाही. फक्त हंबरच्या दिशेने ती फिरकत नसे. बंगल्याच्या आवारातून जायचं झालं तरी गॅरेजची बाजू टाळून, विहिरीकडून वळसा घालून जाई. आणि आता उद्या फादर पाणी शिंपडणार, ती विश्वासाने वर चढणार, आणि तिच्या शेजारी बसलेला माणूस तिला अजूनही फसवत असणार. देवाच्या आशीर्वादाखाली असं खोटं ठेवायचं म्हणजे नव्या होडीच्या बुडालाच भोक. पापडीचं चर्च दिसू लागलं तेव्हा सेबेस्टियनने मनाशी ठरवलं, सांगितल्याशिवाय तिला शेजारी बसू द्यायचं नाही. आणि सांगितल्यावर ती बसेल का, शेजारीच काय, घरात तरी पूर्वीसारखी वावरेल का, या विचाराने त्याने पुन्हा एकदा गिअर चुकीचा टाकला.

घरी रोझलीन ओटीवर वाल सोलत बसली होती. तो समोर उकिडवा बसला. त्यालाही दोन वाल सोलायचा मोह झाला, कारण हाताला काम असलं की तोंड आपसूक चालतं म्हणतात. पण त्याच्या हातातून वाल उडून ओटीखाली गेला आणि तोंड बंदच राहिलं.

"उद्या तुला बसायचंय," तो शेवटी म्हणाला.

"कशात?"

"पिकपमध्ये. सगळ्यांच्या आदी. लॉरेन्सची आय म्हन्ते, तांडेलाची बायको पयली चढायला पायजे."

"तू कदी झालास तांडेल? तुला तर होडीत वांती व्हते." ती हसली, पण हात थांबले होते. "दुसरी कोन नाय चालनार?"

"नाय."

तिने सुपातले वाल एका बाजूला सारले, मग पुन्हा दुसऱ्या बाजूला सारले. त्यात निवडण्यासारखं काही नव्हतं. सेबेस्टियनच्या ओठांवर शब्द आले होते, अगदी दातांच्या मागे उभे होते. "रोझी," तो म्हणाला. तिने वर पाहिलं, आणि त्या पाहण्यात इतकी भीती होती की तो गडबडला. आपली भीती तिच्या डोळ्यांत कशी गेली, हे त्याला कळेना. तेवढ्यात ग्रेसी विहिरीवरून घागर घेऊन आली आणि मीपण बसनार, मीपण बसनार म्हणून आईच्या मागे लागली. "बघू उद्या," रोझलीन म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

रविवारी सकाळी पाचूबंदरच्या चर्चपुढे पिकप उभी होती आणि आल्बिनामावशी, लॉरेन्सची आई, तिला खरोखरच तेल चोळत होती. सत्तरीची बाई, पण मनगटं तांडेलासारखी. मागच्या फळ्या काळ्याभोर, तुकतुकीत झाल्या होत्या आणि नव्या रंगाच्या वासाचा मागमूस उरला नव्हता. सगळीकडे माशाच्या तेलाचा असा दर्प सुटला होता की आवारातली मांजरं एकेक करून येऊन चाकांपाशी बसली होती. "आता हिला कवा वाळवी लागनार नाय," ती सेबेस्टियनला म्हणाली. "खालून पन चोळनार व्हती, लॉरेन्स नाय बोल्ला. खाली लोखंड हाय म्हने. असू दे लोखंड, खाऱ्या हवेला काय कळतंय?" सेबेस्टियन फडक्याने काच पुसत राहिला. हंबर पुसताना तो काचेत स्वतःला पाहत नसे. टोपी सरळ आहे का एवढंच पाही. आज डोक्यावर टोपी नव्हती. काचेत एक पन्नाशीचा, कानशिलं पिकलेला, घरचा सदरा घातलेला माणूस होता, आणि त्याच्या मागे आकाश, आणि होड्यांच्या डोलकाठ्या हळूहळू हलताना दिसत होत्या. तो माणूस सेबेस्टियनला ओळखीचा वाटला नाही, पण बरा वाटला. असा माणूस आपल्या बायकोला खरं सांगू शकेल, असं उगाच त्याच्या मनात आलं.

मिस्साला येताना वाटेत सांगावं असं त्याने योजलं होतं. पण रोझलीन बायकांच्या घोळक्यात पुढे चालली होती आणि बायकांच्या घोळक्यात शिरून चौदा वर्षांपूर्वीचं पाप सांगणं त्याला जमलं नाही. मिस्सा चालू असताना तो पुरुषांच्या बाजूला गुडघे टेकून होता आणि त्याचं लक्ष तिच्या पाठीवर होतं. लाल लुगडं, वर पांढरी ओढणी. प्रार्थनेचे शब्द तोंड आपोआप म्हणत होतं. मनात मात्र तो विचित्र हिशोब जुळवत होता, की हंबरमध्ये तो बसे तेव्हा मधल्या काचेमुळे त्याला मागच्यांचं बोलणं ऐकू येत नसे पण आरशात चेहरे दिसत. आणि घरी, इतकी वर्षं, त्याला तिचं सगळं बोलणं ऐकू येत होतं आणि चेहरा मात्र कधी नीट दिसला नव्हता. काल ओटीवर दिसला तेवढाच. ती भीती कसली होती? जिचं काही चुकलं नाही तिने कशाला घाबरावं?

मग सगळं भराभर झालं. फादर पायऱ्या उतरून आले, पुस्तकातून वाचलं, पवित्र पाणी शिंपडलं. थोडं काचेवर, थोडं चाकांवर, थोडं मांजरांवर. मांजरं पळाली, लोक हसले. आल्बिनामावशीने झेंडूची माळ पुढच्या लोखंडाला बांधली आणि दार उघडून धरलं. रोझलीन पुढे आली. एक पाय फळीवर ठेवून ती क्षणभर तशीच थांबली, आणि मग लुगडं सावरून वर चढली. दार बंद झालं. हंबरचं दार मिटताना आवाजच करत नसे. पिकपचं दार धाडकन लागलं आणि बाहेरची माणसं, त्यांचं गाणं, टाळ्या, सगळं एकदम पाण्याखालून आल्यासारखं दूर गेलं. शेजारच्या जागेवर रोझलीन होती. तिच्या लुगड्याला कोऱ्या कापडाचा वास येत होता. दोघांच्या मध्ये वीतभरही अंतर नव्हतं. आणि कुणाला कुणाचं तोंड पाहायला लागत नव्हतं. दोघंही समोर बघत होते, काचेवरून ओघळणाऱ्या थेंबांकडे. घरात असं बसायला कधी मिळालंच नव्हतं, हे सेबेस्टियनच्या लक्षात आलं. घरात माणसं एकमेकांसमोर असतात.

"रोझी," तो म्हणाला, "मना म्हाइत व्हतं."

"काय?"

"त्या दिशी. बैलगाडीत तू व्हतीस. तुजा हात दिसला मना. तरी मी हॉर्न दिला. नि नंतर खोटं बोल्लो."

बाहेर गाणं चालूच होतं. रोझलीनने लुगड्याची निरी मांडीवर नीट केली. तो वाट पाहत राहिला. दार उघडून ती उतरून जाईल, मग लोक विचारतील, मग तो काय सांगेल, हे सगळं एकामागून एक त्याला स्पष्ट दिसत होतं.

"म्हाइत हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"हॉर्न दिलास नि गाडी बाजूनं एवढी हळू नेलीस, का धूळ पन उडाली नाय. मागं शेठ बसलेला असताना तू कवा कोनासाठी गाडी हळू केलीस? तवाच कळलं मना."

"मंग चौदा वर्सं बोल्लीस का नाय?"

आल्बिनामावशीने बाहेरून काचेवर हात आपटला, पण तिच्याकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही. रोझलीन बोलली तेव्हा तिचा आवाज इतका खाली गेला होता की तो ऐकायला सेबेस्टियनला वाकावं लागलं. "हरिभाऊ हटत नव्हता," ती म्हणाली. "बोल्ला, हॉर्न वाजवू दे का तोफ वाजवू दे, मी नाय हटनार, माज्या गाडीत बाई अडलीय. उतरून तुज्या शेठला सांगायला निगाला व्हता. मीच नाय म्हटलं. मीच म्हटलं, बाजूला घ्या, त्याची नोकरी जाईल. हात जोडलं मी त्याला. तवा त्यानं बैल वळवलं, नि चाक खाली गेलं. तो दनका बसला तवाच पोटात कायतरी झालं. मी मागून घेतला तो दनका. तुजा पोर मी मारला." तिने पदराने नाक पुसलं. "तू एक दिस इचारशील, गाडी हटली कशी? म्हनून मी ती गोष्टच काढली नाय. काल तू रोझी म्हटलंस, मना वाटलं आता इचारतोस."

हॉर्ननंतर बैलगाडी जराशी घोटाळली होती. ते घोटाळणं सेबेस्टियनने चौदा वर्षांत हजारदा पाहिलं होतं आणि दर वेळी बैलांवर ढकललं होतं. त्या घोटाळण्यात ही होती. तट्ट्याखाली, गवतावर, कळा सोसत, हात जोडून, त्याच्या नोकरीसाठी. आणि हा बाहेर, हातभर अंतरावर, अत्तराच्या वासात, तिच्यासाठी धूळ वाचवत होता. सेबेस्टियनला रडू आलं नाही. त्याने नुसतं चाकावर कपाळ टेकलं. "नाय गो," तो म्हणाला, "नाय. तू नाय." तिचा हात त्याच्या पाठीवर आला आणि तिथे राहिला. बाहेरच्या लोकांना वाटलं, ड्रायव्हर प्रार्थना करतो आहे. गाणं आदराने थांबलं.

मग आल्बिनामावशी अगदीच कावली. "चला ना रे, भरती काय दुपारपर्यंत थांबनार हाय?" ती ओरडली. सेबेस्टियनने डोकं उचललं, गाडी सुरू केली, आणि पुढे न जाता आपल्या बाजूची काच फिरवत फिरवत खाली घेतली. लॉरेन्स तिथेच कौतुकाने उभा होता. पन्नाशी उलटली तरी हे वाक्य त्याने आयुष्यात कुणाही मालकापुढे उच्चारलं नव्हतं.

"लॉरेन्स," तो म्हणाला, "धक्क्यावर नको. गाडी जरा आगाशीला नेऊ काय? घरचं काम हाय. डॉमनिकला भेटायचंय."

"कोन डॉमनिक?"

"आमचा थोरला. तिकडं चर्चमागं पुरलाय."

लॉरेन्सचं कानापर्यंतचं हसू मावळलं. त्याने एकदा रोझलीनकडे पाहिलं आणि मागे सरून लोकांना हाताने बाजूला केलं. "ने की दादा," तो म्हणाला. "ह्यात इचारायचं काय?"

गाडी हलली. माणसं दोन्ही बाजूंनी मागे सरकू लागली.

"एवढंच तवा इचारायचं व्हतं," रोझलीन समोर बघत म्हणाली.

"व्हय," सेबेस्टियन म्हणाला, आणि गाडी आगाशीच्या रस्त्याला लावली.